खोलीपासून बोहल्यापर्यंत

मे महिन्यातल्या दुपारी घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत वीज जाते, ती श्वास रोखून धरता येईल एवढाच वेळ. दिवे मिचकतात, पंख्याची लय मोडते, तळमजल्यावरचा जनरेटर गुरगुरतो आणि सगळं परत चालू होतं. शेजाऱ्यांना ते कळतही नाही. मी मात्र हातातलं काम टाकून उभी राहते आणि खोलीच्या कोपऱ्याकडे वळते. तिथे आता मनीप्लांटची कुंडी आहे. वाचवण्यासारखं काही नाही, हे आठवायला थोडा वेळ लागतो. मग परत बसते. बसल्यावरही पाय थांबत नाहीत, टेबलाखाली हलत राहतात.

ही सवय एका उन्हाळ्याची आहे. तेव्हा घर डोंबिवलीत होतं, पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. आई समोरच्या इमारतीत राहायची. वारा दुपारी अगदी पडलेला असायचा. गच्च्यांवर कुरडया आणि सांडगे वाळत, खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसे आणि घरात पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा वास कोंडून राही. भारनियमन रोजचं होतं. त्याचं वेळापत्रक आमच्याच वर्तमानपत्रात छापलं जाई. मी तिथे उपसंपादक होते. आदल्या संध्याकाळी ते वेळापत्रक मीच तपासून पानात लावलेलं असे आणि दुसऱ्या दिवशी माझ्याच घरातली वीज त्याप्रमाणे जात नसे. कधी आधी जाई, कधी उशिरा, कधी आल्यासारखी करून परत जाई. माणसं त्या महिन्यात कायम काहीतरी उरकत असायची. मिक्सर उरकून घ्या, इस्त्री उरकून घ्या, लिफ्टने वर जाऊन घ्या.

मी डिस्क उरकत होते.

धाकट्या बहिणीचं, मंजूचं, लग्न नुकतंच ठाण्यातल्या एका हॉलमध्ये झालं होतं. माझा दीर परदेशातून नवा कॅमकॉर्डर घेऊन आला होता, मुठीत मावणारा, हाय डेफिनिशन. त्याने सगळं लग्न टिपलं आणि जाताना माझ्या संगणकात ओतून गेला. कॅमेरा त्याच्याबरोबर गेला. हॉलच्या फोटोग्राफरचा अल्बम आणि व्हिडिओ यायला पावसाळा उजाडणार होता. तोवर थांबता येत नव्हतं, कारण मामाला लग्न बघायचं होतं.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. कल्याणला राहायचा, अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात तो आणि त्याची एकुलती एक मुलगी वैशाली. लग्नाच्या आधी तो न्हाणीघरात घसरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन लगेच व्हायला हवं होतं, पण हृदयाचे ठोके डॉक्टरांना पसंत नव्हते. औषधं देऊन ते ताळ्यावर आणायचे आणि मग बघू, असं चाललं होतं. धोका आहे हे कोणी त्याच्यासमोर बोललं नव्हतं आणि त्याला ते माहीत होतं.

आमच्यात नवरीला खोलीतून बोहल्यावर मामाने आणायचं असतं. मुलीच्या लग्नात मामाचं एवढंच एक काम, पण ते दुसऱ्या कोणाचं नसतं. माझ्या लग्नात त्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की त्याच्या बोटांच्या खुणा जेवणाची पंगत उठेपर्यंत दिसत होत्या. मी चालत होते की तो मला नेत होता, हे आजही सांगता येणार नाही. डोक्यावर पांढरी टोपी. वर्षभर तो बोडका फिरायचा, पण लग्न म्हटलं की टोपी. भाताच्या पेजेची खळ तो स्वतः द्यायचा, स्वतः इस्त्री करायचा आणि डोक्यावर चढवल्यावर पुढच्या टोकाला दोन बोटांनी असा चिमटा काढायचा की तिला चोच यायची. तशी चोच मी दुसऱ्या कोणाच्या टोपीला पाहिली नाही.

मंजूच्या लग्नाला आपण जाऊ शकत नाही, हे नक्की झाल्यावर त्याने पडल्या पडल्या टोपीला खळ देववली, चोच काढली आणि वैशालीच्या हातात दिली. आम्ही त्याला भेटायला गेलो होतो.

"माझ्या जागी जो उभा राहील त्याच्या डोक्यावर ही घाला," तो आईला म्हणाला. "वसंता येतोय ना? त्यालाच घाला. काय करणार? मला मुलगा असता तर तो उभा राहिला असता."

वैशाली तिथेच होती. टोपी चुरगळू नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवत होती. तिने डब्याचं झाकण लावलं. झाकण नीट बसलं की नाही हे तिने पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं.

वसंतमामा हा आईचा पुण्याचा चुलतभाऊ. लग्नाच्या दिवशी तो सकाळीच निघाला आणि शीळफाट्याला अडकला. तिथून तो फोनवर फोन करत होता. कंटेनर उलटलाय, ट्रेलर आडवा आहे, आता हलतंय, आता नाही हलत. हॉलमध्ये गुरुजींनी मामाला बोलवा म्हणून सांगितलं, परत सांगितलं आणि मग घड्याळ दाखवलं. आई खोलीच्या दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. त्या वेळी मंजू, मुंडावळ्या बांधलेली, पाटावरून उठली आणि म्हणाली, "वैशूताई, डबा उघड. तूच चल."

"वेडी आहेस का?" वैशाली म्हणाली.

"मग मी एकटी जाते."

वैशालीने डबा उघडला. केसांत मोठा गजरा होता, त्यावर टोपी बसवली आणि मंजूचा दंड धरला. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. गुरुजी म्हणाले, "या, या, जे कोणी असाल ते या." दोघी खोलीपासून बोहल्यापर्यंत चालत आल्या. मंगलाष्टकं वेळेवर सुरू झाली. वसंतमामा जिलबीच्या वेळेला पोहोचला.

संध्याकाळी मामाचा फोन आला. आईने घेतला.

"वसंता आला ना?"

"आला, आला," आई म्हणाली.

वाक्य खरं होतं. छापायला पाठवलं असतं तर कोणी खोडून काढलं नसतं.

आईला भीती कशाची होती, ते तिने मला माझ्या संगणकासमोर बसून सांगितलं. दादा जुन्या वळणाचा. बाईने मामाच्या जागी उभं राहायचं, वर त्याची टोपी घालायची आणि गावभर हसं. हे ऐकून त्याच्या जिवाला लागलं तर? हृदय असं नाजूक झालेलं. "तो भाग काढ," ती म्हणाली.

"फक्त त्याच्या डिस्कमधून काढते."

"सगळ्यांच्यातून काढ. एकच कर आणि सगळ्यांना तीच दे. नाहीतर कोणाच्या तरी घरून त्याच्याकडे जाईलच."

ती वृत्तपत्रात असती तर चांगली संपादक झाली असती. मी तो भाग काढला. मंजू खोलीत पाटावर बसलेली आणि त्याला लागून लगेच मंजू बोहल्यावर, समोर अंतरपाट. मधलं सगळं गेलं. पडद्यावर जोड दिसू नये म्हणून आवाजही जुळवला. सनई खोलीत सुरू होत होती आणि बोहल्यावर तशीच पुढे चालत होती.

मग डिस्क करायची. ऐकायला सोपं होतं. पहिली डिस्क मी जशीच्या तशी हाय डेफिनिशन केली आणि मामाकडे नेली. त्याच्या टीव्हीखालच्या प्लेअरने ती आत घेतली, बराच वेळ घरघर केली आणि 'चुकीची डिस्क' असं लिहून बाहेर ढकलली. इतक्या स्वच्छ चित्राचं त्याला काही करता येत नव्हतं. म्हणजे सगळं चित्र आधी साध्या डीव्हीडीच्या मापात उतरवायचं, मग ते डिस्कवर लिहायचं. आमच्या संगणकाला पहिल्या कामाला अर्धा दिवस लागे. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकायची. पट्टी पूर्ण व्हायच्या आत वीज गेली की पहिल्यापासून. यूपीएस होता. तो जेमतेम पाच-सात मिनिटं टिकायचा आणि ती मिनिटं तो किंचाळत असायचा.

माझी पाळी संध्याकाळची, म्हणून सकाळ आणि दुपार हाताशी होत्या. संगणकाच्या डब्याची एक बाजू उघडून ठेवलेली, तिच्यावर टेबलफॅन लावलेला. घरातला तेवढाच चांगला वारा संगणकाला. आम्ही घामात. तापलेल्या धुळीचा एक वास येतो, किंचित गोडसर. तो त्या महिन्यात माझ्या कपड्यांनाही येत असे. मी पट्टीकडे बघू नये म्हणून स्वयंपाकघरात जायची आणि डाळीला फोडणी देऊन परत पट्टीकडे बघायला यायची. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की बसावंसं. लिहिली जाणारी डिस्क आत फिरत असताना तिचा आवाज चढत जातो.

मध्येच वीज गेलेल्या डिस्का फेकवत नसत. त्या उलट्या धरल्या की जिथपर्यंत लिहिलं गेलं तिथपर्यंत गडद जांभळा पट्टा दिसे, पुढे फिकट. लग्न कुठपर्यंत आलं आणि कुठे थांबलं, ते उघड्या डोळ्यांना दिसायचं. आईने त्यातली एक ताकाच्या भांड्यावर झाकण म्हणून ठेवली. मधल्या भोकातून मुंगी आत गेली.

"एवढं शोधून काढलं आणि मधे भोक कशाला ठेवलंय?" ती म्हणाली.

अखेर एक पूर्ण झाली. मग तिच्या प्रती करणं फार अवघड नव्हतं. मंजूला एक, तिच्या सासरी एक, वसंतमामाला, माझ्या नणंदेला, आईच्या भिशीतल्या मैत्रिणींना. ठाणे, डोंबिवली, कल्याण, जिथे जिथे आमची माणसं होती तिथे तिथे ते लग्न गेलं. सगळीकडे तेच, मधल्या तुकड्याशिवाय. प्रत्येक डिस्कवर मी एकाच पेनने एकच नाव लिहिलं होतं, मंजूचं लग्न.

मामाची प्रत मी स्वतः घेऊन गेले. रिक्षा पत्री पुलावर बराच वेळ तापत उभी राहिली. डिस्कची पिशवी मी उन्हापासून पदराखाली धरली होती. मामाची लोखंडी खाट टीव्हीसमोर सरकवलेली. वैशालीने डिस्क लावली आणि ती स्वयंपाकघरात गेली.

मामा निवांत बघत होता. पुण्याहवाचन, हळद, कोण कोण आलं. "ती जाडी कोण?", "हा अजून जिवंत आहे?" असं मधूनमधून चाललेलं. मंजू खोलीत पाटावर बसली. मग बोहला, अंतरपाट, अक्षता.

"मागे घे," तो म्हणाला.

मी मागे घेतलं.

"पुढे. थांब. जरा मागे. इथे थांबव."

थांबवलं. मंजू बोहल्यावर नुकतीच पाय ठेवत होती. तिच्या खांद्यामागे, पडद्याच्या अगदी कडेला, पांढरं काहीतरी होतं. माझा काप थोडा आधीच संपला होता. हाय डेफिनिशनमध्ये ते मला दिसायला हवं होतं, पण तिथे मी जोडाकडे बघत होते आणि आवाजाकडे. साध्या मापात उतरल्यावर तो जेमतेम एक डाग उरला होता, चौकोनी ठिपक्यांचा, टोकाला किंचित निमुळता.

"ही माझी टोपी," मामा म्हणाला. "खाली डोकं कोणाचं?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"वसंतमामाचं," मी म्हटलं.

"वसंताच्या डोक्यावर माझी टोपी बसायची नाही. त्याचं डोकं भोपळ्याएवढं. आणि पोरगी खोलीत होती ती एकदम बोहल्यावर? उडून आली?"

"मामा, डिस्क खराब झाली असेल. आमच्याकडे सारखी वीज जाते."

"खराब झाली असती तर चित्र अडखळलं असतं. हे अडखळत नाहीये. हे कापलंय." त्याने उशी वर ओढून घेतली. "परवा मला ठाण्याला दाखल करतायत. त्याच्या आत सगळं घेऊन ये. काही न कापता."

वैशाली मला खाली सोडायला आली. जिन्यात तिने माझा हात धरला.

"आणू नकोस गं ताई."

"त्याला कळलंच आहे."

"काय कळलंय? टोपी कळलीय. मी नाही कळले." ती एक पायरी खाली उतरली. "ते मुलगा असता तर म्हणाले ना, तेव्हापासून मला असं झालंय की... आणि वर मी ती डोक्यावर चढवून हॉलभर मिरवले. बघतील आणि काही बोलणार नाहीत. न बोलता ऑपरेशनला आत जातील. मग मी बाहेर बाकावर काय करू?"

आईचंही म्हणणं तेच होतं, तिच्या शब्दांत. "माझ्या भावाला मी ओळखते. त्याला आत्ता त्रास नको." पण विचारणारा माणूस स्वतः तोच होता. माहिती त्याची, प्रश्न त्याचा. कार्यालयात असा प्रसंग आला तर विचारणाऱ्यापासून खरं दडवायचं नाही, हा नियम मला माहीत होता. घरात तो नियम चालतो की नाही, ते मात्र कोणी शिकवलेलं नव्हतं. मी आईला सांगितलं की मी करणार आहे. संध्याकाळी तिने कैरीचं लोणचं पाठवलं आणि स्वतः आली नाही.

पुढचा दीड दिवस मी पट्टीसमोर काढला. रजा टाकली. पहिल्यांदा वीज दुपारी गेली. दुसऱ्यांदा चित्र उतरवून पूर्ण झालं, डिस्क फिरायला लागली, आवाज चढला आणि शेवटच्या घासाला वीज गेली. यूपीएस किंचाळला, मी दोन्ही हात टेबलावर टेकून उभी राहिले, जणू दाबून धरलं तर थांबेल. डिस्क बाहेर आली ती जवळजवळ पूर्ण गडद, कडेला फक्त एक फिकट रेघ. कोऱ्या डिस्कांच्या डब्यात एकच उरली होती. दुकान गाठायचं तर परत यायच्या आत वीज येऊन जाईल की काय ही धास्ती, आणि न गाठायचं तर ही एकच. मी दाराशी गेले, परत आले, चप्पल घातली, काढली. शेवटी वीज आली तेव्हा मी तीच लावली. ती पूर्ण झाली. वरती लिहायला पेन सापडेना, म्हणून ती कोरीच नेली.

मामाची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. त्याने नवा बनियन घातला होता, दाढी केली होती. वैशाली आज स्वयंपाकघरात गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

मी सरळ तिथेच नेलं. खोली, पाट, मंजू उठते. गुरुजींचा आवाज. मग वैशाली चौकटीत, डोक्यावर टोपी, मागून गजरा लोंबतोय. कोणाचं तरी हसू स्पष्ट ऐकू येतं. तिने मंजूचा दंड धरलेला आहे आणि ती समोर बघत चालते आहे, माणसं बाजूला होत आहेत. मंजू मध्येच काहीतरी पुटपुटते, वैशाली मान न वळवता तिला गप्प करते. बोहला. ती मंजूला उभी करते आणि मागे सरकते. अंतरपाट.

मामाने हाताने खूण केली, मागे. मी मागे घेतलं. ती परत चालत आली. परत खूण. ती परत आली. तिसऱ्यांदा दोघी निम्म्या वाटेत असताना वीज गेली.

पंखा थांबत थांबत थांबला. खालच्या रस्त्यावरचा रिक्षांचा आवाज वर आला. टीव्हीच्या काळ्या काचेत आम्ही तिघं दिसत होतो.

"टोपी तिरकी घातली होतीस," मामा म्हणाला.

"गजरा होता," वैशाली म्हणाली.

"गजरा काढायचा."

"वेळ कुठे होता बाबा? वसंतकाका शीळफाट्याला बसलेले."

मामा हसला. पडल्यापासून तो हसताना दुखतं म्हणून हसत नसे. "वसंता जन्मभर शीळफाट्यालाच असतो," तो म्हणाला. मग त्याने हात लांब केला, तिने तो धरला, आणि तो आधार घेऊन उशीवर सरळ झाला. "लाइट आली की परत लाव," तो तिला म्हणाला.

मला पाळीवर जायचं होतं. डिस्क प्लेअरच्या आत अडकली होती, वीज नसताना कप्पा उघडत नाही. "राहू दे आत," मामा म्हणाला. राहिली.

ऑपरेशन निभावलं. पुढे तो वॉकर घेऊन चालायचा आणि आणखी काही वर्षं जगला. डिस्क आतच होती. दुपारी वैशाली कामावर गेली की तो ती लावायचा, असं शेजारच्या बाई सांगत. आमच्या बाजूला, डोंबिवलीत, संगणकात जागा उरली नव्हती. दिवाळीत नवीन फोटो आले तेव्हा लग्नाचं मूळ चित्रण काढून टाकलं. डिस्क झाली होती, तेव्हा मूळ ठेवायचं कशाला, असं सगळेच म्हणत. तेव्हा सगळ्या घरांत हेच झालं. हातात धरता येते ती वस्तू टिकाऊ वाटायची. संगणकातली नाही.

मामा गेल्यावर इमारत पुनर्बांधणीला गेली. घर रिकामं करताना टीव्ही, प्लेअर, मिक्सर, पंखे, सगळं भंगारवाल्याने एका हातगाडीवर नेलं. वीज आधीच तोडलेली होती. कप्पा उघडून बघायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी तो उघडला नसता.

या मे महिन्यात वैशालीला नव्या इमारतीतल्या घराचा ताबा मिळाला. सामान लावताना तिचा फोन आला.

"ताई, डबा सापडला. टोपीचा."

"बरी आहे का?"

"पिवळी पडलीय. चोच आहे तशीच. ती डिस्क तुझ्याकडे आहे का गं?"

"तू बघितली आहेस की."

"नाही बघितली. त्या दिवशी मी बाबांकडे बघत होते. नंतर ते लावायचे तेव्हा मी घरात नसायचे, असले तर आत जायचे. लाज वाटायची. मी कशी दिसत होते ते मला माहीतच नाही."

मी शोधायला लागले. आईकडची सापडली, तिच्यावर बुरशीची नक्षी. वसंतमामाकडून एक आली. मंजूच्या गॅलरीत डिस्क होती, कबुतरांना घाबरवायला दोऱ्याने टांगलेली, उन्हाने पांढरी पडलेली. भिंतीवर तिचा कवडसा फिरत होता आणि कबुतरं कठड्यावर निवांत बसली होती. माझी स्वतःची कपाटात होती. या सगळ्या कापलेल्या. न कापलेली एकच झाली होती. हे मला शोधायच्या आधीही माहीत होतं, तरी मी कपाटं उपसत होते. हातांना काहीतरी काम हवं होतं.

आजच्या संगणकाला डिस्क घालायला जागाच नसते. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, टीव्हीला जोडला. वैशाली कल्याणहून आली. माजिवड्याला वाहतूक तुंबलेली, म्हणून उन्हात दमून आली, आणि पाणी न पिता बसली. तिचे केस पुढून पांढरे झाले आहेत. ती मामासारखी दिसू लागली आहे. मी ते बोलले नाही.

"मधलं नाहीये," मी आधीच सांगितलं. "जे आहे ते एवढंच आहे."

"लाव तर."

मंजू पाटावर. सनई. बोहला. मी थांबवलं. आत्ताच्या मोठ्या टीव्हीवर तो डाग अधिकच फुटला होता. मंजूच्या खांद्यामागे पांढरे, राखाडी, पिवळट चौकोन, टोकाला निमुळते.

वैशाली उठली आणि पडद्याजवळ गेली. इतकी जवळ, की चौकोनांखेरीज काही दिसू नये.

"ही चोच," ती म्हणाली. तिने डागावर बोट ठेवलं, मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या. "ताई, तिरकी कुठाय? सरळ आहे की."

मी पाहिलं. एवढ्या ठिपक्यांवरून टोपी सरळ होती की तिरकी, असं काही म्हणता येत नव्हतं. माझ्या टेबलावर कोणी तसं लिहून आणलं असतं तर मी परत पाठवलं असतं.

"सरळ आहे," मी म्हटलं.

दिवे मिचकले. टीव्ही काळा झाला, मी उठून उभी राहिले. खाली जनरेटर गुरगुरला आणि पंखा परत फिरायला लागला. ड्राइव्हमधली डिस्क पहिल्यापासून वेग घेऊ लागली, तिचा तो जुना चढता आवाज खोलीत आला. वैशाली पडद्यासमोरून हलली नव्हती. तिचं बोट अजून त्या जागेवर होतं.

"परत लाव," ती म्हणाली.